पिकंना, गळंना

“फ्रेनीबाई, तुमचं जास्त आलंय,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि माझ्या पोटात दुखलं.

आजारातलं दुखणं नव्हे, नेहमीचं. फ्रेनीला काही जास्त मिळालं की माझ्या पोटात दुखायचं. त्याला औषध नव्हतं आणि मी ते शोधतही नव्हते.

“आणि माझं?” मी विचारलं.

“सगुणाबाई, तुमचं कमी आहे. यांच्या मानानं बरंच कमी.”

मी तेव्हा गावात बायकांच्या दूध डेअरीत फॅटचं मशीन चालवायची. शाळा सातवीत सुटली होती, पण मशीन मी माझी मीच शिकले होते. ज्या म्हशीचं फॅट जास्त, तिच्या दुधाला दर जास्त. कमी लागलं की अख्खी रांग त्या बाईकडे बघते, पाणी घातलंस का गं? जन्म असा रांगेपुढं काढलेल्या बाईला कुणी सांगितलं की तुझ्या रक्तातलं हार्मोन कमी आहे, तर तिला काय वाटणार? मला वाटलं, भर हॉलमध्ये माझ्यात पाणी निघालं.

“बाई, परत एकदा लावून बघता का?” मी म्हणाले. “नमुना नीट हलवला नसला की खालीवर होतं.”

डॉक्टर केंजळेबाईंना कळेना. फ्रेनीला मात्र बरोबर कळलं. फ्रॉकच्या बाहीनं डोळे पुसत ती हसायला लागली. “अगं सगे, त्या काय म्हैस मोजत्यात व्हय तुझी!”

तिचं हे असं. गोरीपान, घाऱ्या डोळ्यांची, गुडघ्याएवढा फ्रॉक घालणारी पारशीण, आणि तोंड उघडलं की माझी आई बोलायची. शब्द आईचे, हेल आईचा. ‘अगं सगे’ म्हणताना शेवटी मारलेला झटकासुद्धा आईचा. डेअरीत आणि ग्रामपंचायतीत बोलून बोलून माझी भाषा झिजून गेली होती. आईची भाषा जशीच्या तशी राहिली होती ती हिच्याकडे, ठेवणीतल्या लुगड्यासारखी.

देवळाली कॅम्पात फ्रेनीच्या वडिलांचा बंगला होता. मागच्या आवारात दोन खोल्या, तिथं आम्ही राहायचो. माझे वडील माळी, आई आया. फ्रेनी जन्मली तेव्हा तिच्या आईला विषमज्वर झाला आणि दूध आटलं. मी तेव्हा नुकती रांगायला लागले होते. आईनं दोघींना अंगावर घेतलं. उजवी बाजू माझी, डावी फ्रेनीची, अशी वाटणी केली होती म्हणे. आई हे कौतुकानं चारचौघांत सांगायची. काळीज डाव्या बाजूला असतं हे शाळेत कळलं, त्या दिवशी मी जेवले नव्हते.

पुढं फ्रेनी मुंबईला कॉलेजात गेली. सुट्टीला आली की बंगल्यात सामान टाकायच्या आधी आमच्या खोलीत यायची. माझं लग्न ठरलं त्या वर्षी तर तिचं आणि आईचं फारच वाढलं. ही दारातूनच विचारायची, “माय, बोर कसंय?”

“हाये तसंच,” आई म्हणायची. “पिकंना, गळंना.”

मग दोघी हसायच्या. आमच्या खोलीमागं बोरीचं झाड होतं. त्याचे काटे माझ्या पायात मोडले, आणि चौकशी करणार ही मुंबईहून येऊन! एकदा मी म्हणाले, “काय गं एवढं त्या बोराचं?” तर दोघी गप्प झाल्या. आपण आत आल्यावर बायका गप्प होतात ते सासरी चालतं, माहेरी नाही.

लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा आई गेली. पोटाचं होतं, असं मला सांगितलं. मी पोचले तेव्हा फ्रेनी उशाशी बसलेली होती. शेवटचं पाणीही तिच्याच हातचं झालं होतं. आई माझी की हिची, हा खटला त्या दिवसापासून मी मनात चालवत होते, आणि निकाल दर वेळी हिच्या बाजूनं लागत होता. आज रक्तानंही साक्ष तिच्याच बाजूनं दिली होती.

तरी आमचं येणंजाणं तुटलं नव्हतं. मी चार मैलांवरच्या गावात दिलेली, ती लग्न न करता बंगल्यात राहिलेली. दर आठवड्याला तिची ओम्नी माझ्या दारात यायची. ह्या तपासणीलाही तिनंच मला गाडीत घालून आणलं होतं. मुंबईच्या कुठल्याशा संस्थेचे डॉक्टर सॅनेटोरियमच्या हॉलमध्ये बसले होते. पाळी गेलेल्या पारशी बायका आणि आसपासच्या खेड्यांतल्या बायका, अशा दोन्हीकडच्यांचं रक्त त्यांनी मागं नेलं होतं. खेड्यांतल्या बायका गोळा करायला फ्रेनी दारोदार हिंडली होती. एवढी हौस हिला कशाची, मला कळलं नव्हतं. आज एकेकीला बोलावून निकाल सांगत होते. फ्रेनी म्हणाली होती, “आमचं दोघींचं एकदमच सांगा. हिच्यापासून काय लपवायचंय?”

“सगुणाबाई,” केंजळेबाई मला समजावत म्हणाल्या, “कमी म्हणजे वाईट नाही. पाळी गेल्यावरही शरीरात हे हार्मोन थोडं बनत राहतं. ज्या बायकांत ते जास्त, त्यांच्यात छातीचा कॅन्सर जरा जास्त दिसतो. पारशी बायकांत हा आजार जास्त आढळतो, खेड्यांतल्या बायकांत कमी. ते का, हे आम्ही शोधतोय.”

“म्हणजे जातीवर असतं?”

“रक्ताच्या बाटलीवर जात लिहिलेली नसते हो. न्हाण कधी आलं, मुलं किती झाली, कोणत्या वयात झाली, किती पाजलं, वजन किती, अंगमेहनत किती, घराण्यात काय चालत आलं, असं सगळं त्यात येतं. एका समाजात ते एका तऱ्हेचं, दुसऱ्यात दुसऱ्या. आणि हा आकडा म्हणजे कुणाचं भविष्य नाही. शेकडोजणींचे एकत्र केले तर त्यातून काही कळेल.”

मी तेवढं सगळं ऐकलं आणि माझ्या कामाचं तेवढं उचललं. “म्हणजे कमी फॅट चांगलं?”

“ह्या दुधात, हो,” त्या हसून म्हणाल्या. “शिवाय तुम्ही तीन मुलं पाजलीत. आईला, मावशीला, बहिणीला हा आजार नाही, असं मागच्या वेळी सांगितलंत. तुम्हाला आत्ता काही करायला नको. फ्रेनीबाईंनी मात्र दर वर्षी छातीचा फोटो काढून घ्यावा.”

काय सांगू, मला जो आनंद झाला! उभ्या आयुष्यात फ्रेनीपेक्षा माझं काही चांगलं निघालं होतं, तेही सरकारमान्य, डॉक्टरांच्या तोंडून. मी तिच्या हातावर हात ठेवला. “काळजी नको करूस,” मी म्हणाले. “मी आहे ना.” माझ्या आवाजातला तेव्हाचा गोडवा मला अजून आठवतो. भावकीतला दावा जिंकून आलेला माणूस हरलेल्याला चहा विचारतो, तसला.

मी पिशवी उचलली. फ्रेनी उठेना.

“चल की. धारांची वेळ झाली माझी.”

“बस,” ती म्हणाली.

“अगं, म्हशी खोळंबल्यात.”

“सगे, बस खाली.”

हा आवाज आईचा नव्हता. पहिल्यांदाच तो नुसता फ्रेनीचा होता. तिच्या मुठीत पांढरा रुमाल होता, अग्यारीत जाताना डोक्याला बांधते तो. तिनं त्याचा पार चुरगळा केला होता. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, “डॉक्टर, हिच्या आईला होतं.”

“काय होतं?” मीच विचारलं.

“डाव्या बाजूला. आधी बोराएवढी गाठ होती. मग लिंबाएवढी झाली. मग फुटली.”

दुसऱ्या कुठल्या फळाचं नाव घेतलं असतं तर मला कळायला वेळ लागला असता.

माय, बोर कसंय? हाये तसंच. पिकंना, गळंना.

त्या वेळी आईनं किती सोसलं असेल, हे माणसानं आधी विचारावं. निदान आता माझं काय, हे तरी विचारावं. माझ्या तोंडून निघालं ते असं: “तुला सांगितलं तिनं?”

केंजळेबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. “वय काय होतं आईचं?”

“चाळीस असेल नसेल,” फ्रेनी म्हणाली.

“मग सगुणाबाई, तुम्हालाही फोटो काढायला हवा, आणि लवकर. हार्मोन कमी आहे म्हणून घरी बसायचं नाही. आईला एवढ्या तरुणपणी होतं, ही गोष्ट मोठी आहे.” मग त्या फ्रेनीकडे वळल्या. “हे तुम्ही आज सांगितलंत, फार बरं केलंत.”

फ्रेनीला ते ऐकूच गेलं नसावं. ती खुर्चीच्या टोकावर आली होती.

“डॉक्टर, माझं एक विचारायचंय. डावी बाजू माझी होती. ती मी प्याले. दात आल्यावर चावायचे म्हणे, रगत काढायचे. आणि तिथंच आलं. उजवीला नाही आलं, हिच्या बाजूला. माझ्याच बाजूला आलं.”

केंजळेबाई आमच्या दोघींकडे आळीपाळीनं बघत राहिल्या. मग त्यांनी खुर्ची पुढं ओढली. “पाजल्यानं हा आजार होत नाही, फ्रेनीबाई. उलट पाजणाऱ्यांत थोडा कमी दिसतो. कमी दिसतो म्हणजे कुणाला होतच नाही, असं मात्र नाही.”

“चावल्यानं?”

“चावल्यानंही नाही.”

“नक्की ना?”

“नक्की.”

फ्रेनीनं तो अग्यारीचा रुमाल नाकाला लावला आणि भर हॉलमध्ये मोठ्यानं नाक शिंकरलं. दारोदार हिंडून बायका कशासाठी गोळा केल्या होत्या, ते मला तेव्हा उमगलं. हे एक विचारायला. आणि मी बाजूला बसून काय विचार करत होते? आईच्या मरणाचं पापसुद्धा ही एकटीच घेऊन बसली, माझ्या वाट्याला तेवढंही ठेवलं नाही.

ओम्नीत बसलो. कॅम्पाचा बाजार मागं पडला. मग मीच तोंड उघडलं.

“मला का नाही सांगितलं?”

“तुझं लगीन ठरलं होतं. आईला असलं हाये म्हणल्यावर पोरीला कोण करील, म्हणायची. ‘हळद उतरू दे, मग बघू.’ हळद उतरली. मग म्हणाली, ‘पहिलं वरीस नीट जाऊ दे, नाहीतर माघारी धाडतील.’ मी म्हणाले, मुंबईला चल, माझा मामा डॉक्टर हाये. तर मला अग्यारीतल्या आगीची शपथ घातली, सगीला सांगायचं नाही म्हणून.”

“आगीची?”

“हुशार होती. तुळशीची घातली असती तर मी कधीच मोडली असती.”

“आणि आज मोडलीस.”

“मोडली.” तिनं गियर बदलला. “आता तिथं कुठल्या तोंडानं जायचं, ते माझं मी बघीन.”

माझं समाधान होत नव्हतं. “ते राहू दे. पण सांगितलं तुला! लेक मी का तू?”

फ्रेनीनं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि थांबवली. मागून येणारा टेम्पोवाला शिवी देऊन गेला.

“लेक तूच,” ती म्हणाली. “म्हणून तर मला सांगितलं. असलं लेकीला कोण सांगतं गं? परक्याला सांगतात. मी रडले तिच्यापुढं. म्हणाले, माय, तू गेलीस तर माझं काय? तर मला म्हणते, ‘तुझं काय व्हायचंय? तुझं बंगल्यात बरं चाललंय. माझ्या सगुणेचं लगीन मोडायला नको.’ माझ्या सगुणेचं! मी तिच्या जखमेचं धुणं-पुसणं करायची, आणि ती डोळे मिटून म्हणायची, सगीला नवीन घर मानवलं असेल का गं? अगं, जीव दिला तिनं तुझ्या लग्नापायी. मला काय दिलं? फडकी धुवायला. तीस वर्षं पोटात दुखतंय माझ्या.”

हिच्या पोटात दुखतं? माझ्यामुळं? मला हे कुणी आधी सांगितलं असतं तर माझी किती वर्षं सुखात गेली असती!

“आणि मला वाटायचं, काळीज डाव्या बाजूला असतं,” मी म्हणाले.

“काय?”

“काही नाही. चालव गाडी.”

गावाच्या वेशीपाशी तिनं विचारलं, “हर्षदाला सांगशील ना?”

हर्षदा माझी धाकटी. सिन्नरचं स्थळ आलं होतं. मुलगा बँकेत होता, पसंती झाली होती. महिन्याअखेरच्या रविवारी पाहुणे बोलणी करायला यायचे होते.

“आत्ताच कशाला?” मी म्हणाले. “तिची हळद उतरू दे, मग बघू.”

म्हणाले आणि माझी मीच थबकले. फ्रेनीनं मान वळवली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसत होती.

“बघ,” ती म्हणाली, “आता माय तुझ्या तोंडानं बोलली.”

जन्मभर मला जे हवं होतं ते मिळालं होतं, आणि ते असं.

पुढच्या आठवड्यात नाशिकच्या दवाखान्यात फोटो काढला. मग सुईनं तपासायला घेतलं. त्याचा निकाल घ्यायला गेले तेव्हा फ्रेनी बाहेरच्या बाकड्यावर बसली होती. आत डॉक्टरांनी मला नीट समजावून सांगितलं. ते काय म्हणाले ते मी दोनदा विचारून घेतलं आणि बाहेर आले.

फ्रेनी उभी राहिली. “काय म्हणाले?”

“घरी चल.”

“सगे, काय म्हणाले?”

“आधी हर्षदाला सांगते,” मी म्हणाले. “मग तुला.”

तिचं तोंड असं झालं, की मी चटकन दुसरीकडे बघितलं. ते तोंड माझ्या फार ओळखीचं होतं. तीस वर्षं मी तेच घेऊन तिच्यासमोर बसत होते आणि मला वाटत होतं की तिला काही दिसत नाही. घरापर्यंत तिनं एकही खड्डा चुकवला नाही. दारात गाडी उभी केली आणि समोर बघत म्हणाली, “जा तू. मी बसते इथंच.”

हर्षदा मागच्या ओट्यावर शेंगा सोलत होती. मी तिच्याजवळ बसले, चार शेंगा माझ्याही हातात घेतल्या.

“बाळ, माझ्या छातीत गाठ आहे,” मी म्हणाले. “मसुराएवढी. वाईट आहे, पण वेळेत सापडली. काढून टाकतील, मग औषधं. माझ्या आईलाही होती. तिनं लपवली. म्हणून पुढं तुलाही दर वर्षी बघत राहायला लागेल.”

तिचे हात थांबले. तिनं माझ्या पदराचं टोक बोटांनी चाचपलं. मग म्हणाली, “पाहुण्यांना रविवारी मीच सांगते.”

“अगं, पण—”

“ऐकून उठून गेले तर जाऊ देत. लपवून जुळवण्यापेक्षा सोयरीक मोडलेली बरी.” मग तिनं विचारलं, “फ्रेनीमावशीला सांगितलंस?”

“नाही. तुला आधी.”

तिनं माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात काय होतं ते मला लिहिता यायचं नाही. आईनं माझ्याकडे तसं बघितलं असतं, मला सांगितलं असतं, तर मीही तिच्याकडे असंच बघितलं असतं, एवढं मात्र खरं.

पाहुणे उठून गेले नाहीत. मुलाची आई तेवढी गप्प झाली, आणि निघताना स्वयंपाकघरात येऊन हळूच मला विचारून गेली, तो फोटो कुठं काढतात. पण ते रविवारचं. त्या दिवशी आम्ही दोघी ओट्यावर शेंगा धरून बसलो होतो, आणि बाहेर ओम्नीचा हॉर्न वाजला. एकदा वाजला. मग पुन्हा, लांबलचक, अख्ख्या आळीला ऐकू जाईल असा.

हर्षदा दचकली. “काय झालं गं मावशीला?”

“जा, आत बोलव तिला,” मी म्हणाले. “पोटात दुखतंय तिच्या.”